एक गाना, दोबारा ना

जयूकाकूंना घड्याळ कळत नव्हतं असं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली होती, काटे वाचता येत होते. पण घड्याळावर त्यांचा जीव म्हणून कधी जडला नाही. त्यांचं सगळं कानांनी चालायचं. माहेर उज्जैनच्या राम घाटाच्या वरच्या गल्लीत, तिथे आरतीची घंटा झाली की आधण ठेवायचं. लग्न होऊन रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आल्या, तर मालगाडी शंटिंगला लागली की कणीक भिजवायची. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सुनेच्या पोळ्या इंजिनावर चालतात हो." कुठलं काम केव्हा झालं हे काकूंना आवाजावरून आठवायचं. फेरीवाला ओरडला तेव्हा दूध उतरवलं, शाळा सुटली तेव्हा पापड आत घेतले, असं.

मग यजमान गेले, क्वार्टर सुटलं, आणि मुलाने, परागने, फ्रीगंजात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. टॉवर चौक हाकेच्या अंतरावर, पण खिडक्यांना डबल काच. धूळ नको, हॉर्न नको. आवाज आत येईना आणि काकूंचा दिवस काही पुढे सरकेना. सून देवश्री शाळेत शिकवायची, पराग बँकेत. घरात काकू आणि दीड वर्षाची मृण्मयी, म्हणजे मनू. शेवटी परागने रेडिओ आणून दिला. मनू गाण्याशिवाय घास घेत नाही हे निमित्त झालं, पण खरा आधार झाला तो काकूंना. आता त्या म्हणायच्या, ते टाळ्यांचं गाणं लागलं तेव्हा मनू झोपली, ते रडकं गाणं चाललं होतं तेव्हा उठली.

त्या रेडिओवर रुचिर नावाचा एक पोरगा बडबडायचा. दर दोन गाण्यांमागे छाती फुगवून म्हणायचा, "उज्जैनवालों, अपना वादा याद है ना? एक गाना, दोबारा ना!" काकूंनी त्याचा अर्थ लावला तोच तुम्ही-आम्ही लावू. एकदा वाजलेलं गाणं दिवसभरात परत नाही. गावभर बोर्डही तसेच लागले होते, हात जोडलेले आणि खाली तेच वाक्य.

एके दिवशी जेवताना काकू म्हणाल्या, "अरे, हे चहाचं गाणं सकाळी झालं की."

ते गाणं तेव्हा फार चालायचं. त्यात एक जण नाकातून 'ठंडी चाय, गरम बातें' एवढंच म्हणत राहतो. शेवटपर्यंत त्याला चहा कुणी गरम करून देत नाही.

"आई, ते दोबारा लावतच नाहीत. तीच तर त्यांची शर्त आहे," पराग म्हणाला.

"मग सकाळी काय माझ्या कानात वाजलं?"

"कालचं असेल. कालचं आणि आजचं मिसळलं तुझं."

काकूंनी ताटातला भात कालवायला घेतला. पण पराग आणि देवश्रीने एकमेकांकडे पाहिलेलं त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्या पाहण्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. जेवून हात धुऊन यायच्या आणि विचारायच्या, आज पानं कधी घेणार? परागने लहानपणी ते सगळं पाहिलं होतं.

मग काकूंच्या बारीक बारीक चुकाही मोजल्या जाऊ लागल्या. एकदा दुधाखालचा गॅस चालू राहिला. ते खरंच झालं होतं, त्यात रेडिओचा दोष नव्हता. आणि गाण्यांचं तर रोजचंच. काकू म्हणायच्या, हे झालं. रुचिर म्हणायचा, दोबारा ना. घरात रुचिरवर विश्वास जास्त. हळूहळू काकूंचाही.

एका संध्याकाळी देवश्रीने स्वतःच विषय काढला. मागून बोलणाऱ्यातली ती नव्हे.

"आई, वाईट वाटून घेऊ नका. चौकापलीकडे एक पाळणाघर आहे. मनूचं नाव सांगून ठेवलंय, सोमवारपासून."

"मी काय केलं गं?"

"काही केलं नाही. काही होऊ नये म्हणून. हा आठवडा बघू. सगळं ठीक गेलं तर नाही पाठवणार."

काकूंनी मान हलवली आणि भांडी आवरायला घेतली. पातेलं दोनदा विसळलं गेलं. कुणी पाहिलं का म्हणून त्यांनी मागे वळून बघितलं.

त्याच आठवड्यात मनूला ताप भरला. देवश्रीची परीक्षेची ड्यूटी, सुट्टी मिळेना. निघताना बाटली दाखवून म्हणाली, "आई, ताप चढला तर ही दवा अर्धा चमचा. एकदा दिली की चार तास परत द्यायची नाही. अगदी हात नाही लावायचा. लक्षात राहील ना?"

"राहील गं. जा तू."

सकाळी मनू कण्हायला लागली तशी काकूंनी दवा दिली. दिली तेव्हा चहाचं गाणं चाललं होतं, ते त्यांनी मनाशी बांधून ठेवलं. चमचा धुतला, पालथा घातला. पोर झोपलं. काकू शेजारी आडव्या झाल्या, जरा डोळा लागला.

जाग आली ती मनूच्या रडण्याने. अंग पुन्हा तव्यासारखं. काकू बाटलीकडे वळल्या आणि रेडिओवर सुरू झालं, 'ठंडी चाय, गरम बातें'.

हात जागीच थांबला.

हे गाणं आत्ता लागलंय. मग मी दवा दिली ते कुठलं? दोबारा तर वाजवत नाहीत. म्हणजे ते कालचं? काल तर ताप नव्हता. का होता? का मी नुसतं देईन देईन म्हटलं आणि झोपले? घड्याळाकडे पाहिलं, तर घड्याळ आत्ताची वेळ सांगत होतं. दवा दिली तेव्हा त्याच्याकडे पाहिलंच कुठे होतं? बाटली उजेडात धरली. तपकिरी काच, चिकट औषध, सकाळी किती होतं कुणी पाहिलंय! चमचा पालथा होता. पण तो तर नेहमीच पालथा असतो.

मनूची मान एका बाजूला कलंडली. डोळे अर्धे उघडे. काकूंनी झाकण फिरवलं. दिली नसेल तर ताप डोक्यात चढेल. दिली असेल तर परत हात नाही लावायचा. चमचा भरला. दोन थेंब गोधडीवर सांडले.

"एक गाना, दोबारा ना!" रुचिर ओरडला.

चमचा पोरीच्या ओठापर्यंत गेला होता. तेवढ्यात काकूंना सासूबाईंचा चेहरा आठवला. म्हातारी सगळं विसरली, पण 'मला आठवत नाही' असं एकदाही म्हणाली नाही. प्रत्येक वेळी ठासून सांगायची, मी जेवलेच नाही.

काकूंनी चमचा बशीत ठेवला आणि फोन उचलला. हा फोन केला की सोमवार ठरला, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"देवश्री, मनूला फार ताप आहे. आणि मी दवा दिली की नाही, ते मला आठवत नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "काही देऊ नका. ओल्या फडक्यानं पुसत राहा. निघाले मी."

काकू पुसत राहिल्या. फडकं गरम व्हायचं, पिळायचं, परत. देवसुद्धा आठवला नाही त्यांना.

देवश्री आली ती चपलेसकट आत. मनूला छातीशी घेतलं, डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, नक्की नाही ना, मग संध्याकाळपर्यंत थांबा, पुसत राहा. न देऊन थांबलात ते बरं केलंत.

मग ती सासूकडे वळली. आवाज दबका, पण कापरा. "आई, असं कसं विसरलात? सकाळीच सांगून गेले होते."

"दिली तेव्हा चहाचं गाणं होतं गं. मग मघाशी तेच लागलं. ते तर परत लावत नाहीत. म्हटलं, मलाच भास झाला..."

"कुठलं गाणं?"

काकूंना सांगावं लागलं नाही. रेडिओवर तो नाकातला आवाज पुन्हा चहा थंड झाल्याचं सांगू लागला.

देवश्री रेडिओकडे बघतच राहिली. "अहो, हे तर आत्ता रिक्षात वाजत होतं! चौकातून वळताना!"

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. काकू पलंगावरच बसल्या.

"म्हणजे दिली होती मी."

"दिली होती, आई."

देवश्रीने मनूला काकूंच्या मांडीवर दिलं आणि रेडिओवाल्यांना फोन लावला. स्पीकरवर कुणी ऋचा म्हणून मुलगी आली, साखरेत घोळलेली. देवश्रीने तिला उभं-आडवं घेतलं. दिवसभर तेच वाजवता, आणि वर वादा कसला?

"मॅम, आप गलत समझीं," ऋचा म्हणाली. "'दोबारा ना' मतलब मना थोड़ी है! वो तो प्यार वाला 'ना' है। जैसे, दोबारा सुनाओ ना!"

काकूच फोनजवळ सरकल्या. "बेटा, मेरे घर में बच्ची को दवा दोबारा ना, ऐसा बोलके गई थी बहू। मैं भी प्यार वाला समझती तो?"

पलीकडून फोन ठेवला गेला.

संध्याकाळी मनूचा ताप उतरला. पराग आल्यावर देवश्रीने सगळं सांगितलं, आणि त्याच्यादेखत पाळणाघराला फोन करून सोमवारचं रद्द केलं.

"पण गॅसचं झालं होतं ना?" पराग म्हणाला. "ते तर रेडिओनं नाही केलं."

"गॅस तू परवा चालू ठेवलास, मी बोलले नाही. जी बाई आठवत नसलं तर तसं सांगते, तिच्याकडे मी पोर ठेवीन."

काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि भाताला फोडणी दिली. मोहरी जराशी जळली.

रेडिओ कपाटावर गेला. दुसऱ्या दिवशी देवश्रीने खिडकीची काच सरकवून ठेवली, धूळ तर धूळ. मनूला सकाळी पुन्हा जरा कणकण होती; निघताना तिने विचारलं, "आई, दवा कधी दिलीत?"

"खाली भुट्टेवाला ओरडला तेव्हा." देवश्रीच्या भुवया वर गेल्या तशा काकू घाईने म्हणाल्या, "आणि घड्याळही पाहिलं गं, आठला. तो मेला तर दिवसभर तेच ओरडतो. पण तो कुठे म्हणतो, दोबारा ना?"