सायलेन्सरवरचे डाग आणि सिगारेटची चांदी

आमच्या गॅरेजातले किस्से सायलेन्सरवरच्या काजळीसारखेच. रोज थोडे थोडे बसतात, कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि मग एके दिवशी बघावं तर हा जाड थर! आमच्याकडचे वडीलधारे म्हणतात, "जाऊ दे, कशाला खरवडायचं?" मला खरवडायला आवडतं.

गॅरेज चिंचवडला, मुंबई-पुणे रस्त्याला लागून. मालक आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील. मेकॅनिक मेहबूबचाचा, गॅरेजाइतकेच जुने. आणि मी, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, म्हणून अप्पांनी मोठ्या मानाने कुठे बसवली? तर टेबलाशी, गिऱ्हाइकांना चहा सांगायला! "गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावायचा नाही," हा त्यांचा कायदा. मला तर हातच लावायचा होता.

*

एका कारखान्यातल्या फोरमनसाहेबांची नवी मोटारसायकल आली. सायलेन्सरवर रेनकोट वितळून चिकटलेला. चाचांनी घासायचा खरखरीत एमरी पेपर काढला.

मी टेबलावरून ओरडले, "चाचा, क्रोमवर एमरी नका मारू!"

"का गं बेटी, कालेजात सायलेन्सर शिकवतात का?"

"सायलेन्सर नाही, पण क्रोमचा चकचकीत थर किती पातळ असतो ते शिकवतात!"

चाचा हसले आणि घासत राहिले. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने चहा सांगितला.

संध्याकाळी फोरमनसाहेब आले. वाकून बघितलं, या बाजूने, त्या बाजूने. मग म्हणाले, "वा, डाग गेला. सोबत सायलेन्सरही गेला!"

*

पुढच्याच आठवड्यात अप्पांच्या स्वतःच्या गाडीवर प्लॅस्टिकची पिशवी चिकटली. मी विचार केला, कायदा गिऱ्हाइकाच्या गाडीचा आहे, मालकाच्या गाडीचा कुठे आहे?

दुपारी अप्पा आणि चाचा, दोघे दोन बाकड्यांवर घोरत होते. मी गाडी जराशी चालू ठेवली, सायलेन्सर कोमट होऊन प्लॅस्टिक मऊ पडेपर्यंत. मग बंद केली आणि आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याने ते हळूच सोलून काढलं. लाकूड क्रोमला ओरखडा काढत नाही. पूर्ण गार झाल्यावर रॉकेलच्या फडक्याने उरलेला चिकटा पुसला. एवढंच! यासाठी हे लोक वीस वर्षं एमरी घासत होते!

अप्पा उठले, बघतात तर आरसा! चाचांच्या पाठीवर जोरात थाप मारून म्हणाले, "मेहबूब, मानलं तुला!"

चाचांनी एकदा अप्पांकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या चमच्याकडे. आणि म्हणाले, "खुदाची मेहेरबानी."

*

तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या सायलेन्सरवरचे डागही मी चोरून काढू लागले; वाहवा मिळायची चाचांना. चमच्याने थर निघतो, पण त्याखालचे बारीक काळे ठिपके राहतात. त्याला माझा उपाय म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तो आतला चंदेरी कागद. पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवायची. क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ठिपका जातो आणि चमक राहते. शेजारचा पानवाला रिकामी पाकिटं माझ्यासाठी जपून ठेवायचा.

एक दिवस आईने माझी पर्स उघडली. आत सिगारेटची अकरा पाकिटं! घरात असा गोंधळ, की शेजारच्या काकू पीठ मळता मळता तशाच हाताने धावत आल्या. अप्पांना बोलावणं गेलं. ते तावातावाने घरात शिरले.

"कॉलेजात हेच शिकलीस? आपल्या घराण्यात कुणी असले धंदे केलेत का?" एवढं बोलून त्यांनी बोटांतल्या पेटलेल्या सिगारेटची राख झटकली.

मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही ओढता. मी घासते!"

*

दापोडीहून एक जोडपं आलं. नवरा कंपनीत शिफ्टला जाणारा, बायको मागच्या सीटवरून तणतणत उतरली. तिच्या नव्या नायलॉनच्या साडीचा काठ सायलेन्सरवर जळून बसलेला, हिरवा-काळा. चाचा जेवायला गेले होते, नवरा हवा भरायला पलीकडे गेला. मी संधी साधली. तिच्या कानाशी लागून म्हटलं, "वहिनी, हा डाग मी आत्ता गुपचूप काढून देते."

तिने माझा हातच धरला. "अजिबात नको, ताई! नवी साडी घेईपर्यंत राहू दे तसाच. रोज किक मारताना दिसला पाहिजे त्यांना!"

*

दसऱ्याचा दिवस. अप्पांनी हत्यारांची पूजा केली होती, गॅरेज बंद करायच्या बेतात होते. तेवढ्यात चाकणकडचे एक पाटील नवी कोरी फटफटी घेऊन आले. पूजेला त्यांनी हँडलला प्लॅस्टिकच्या फुलांचा हार बांधला होता. तो रस्त्यात सुटून सायलेन्सरवर पडला आणि झेंडूंचा पार काला झाला!

"मालक, आत्ताच्या आत्ता काढा. पुण्याला मेव्हण्याकडं सोनं द्यायला जायचंय. ह्ये बघितलं तर जलमभर हसंल त्यो!"

"चाचा करतील," अप्पा म्हणाले.

चाचा हललेच नाहीत. "मी नाही. पोरगी करेल. डागांची सगळी कामं तिनेच केलीत. फुकटची वाहवा अजून किती घेऊ?"

अप्पांनी गर्रकन माझ्याकडे वळून पाहिलं. पाटील तर ताडकन म्हणाले, "न्हाई! माज्या गाडीला पोरीचा हात नगं!"

"मग मेव्हण्याला हसू दे!" मी म्हटलं.

पाटलांनी रस्त्याकडे तोंड केलं आणि आमच्याकडे पाठ. तेवढीच परवानगी समजून मी बसले. गाडी कोमट केली, चमचा, मग गार होईपर्यंत वाट. पाटील एकदाही वळले नाहीत. रॉकेल, मग माझ्याकडची शेवटची चांदी.

"बघा पाटील."

ते वळले. वाकले. सायलेन्सरमध्ये त्यांना स्वतःचा चेहरा दिसला असावा, कारण त्यांनी फेटा सरळ केला. किक मारली आणि गेले.

कोपऱ्यावरून फटफट पुन्हा जवळ आली. पाटलांनी गाडी दारात उभी केली आणि हाक मारली, "उस्ताद!"

चाचा लगबगीने उठले. "जी, पाटील."

"तुमी बसा, चाचा." पाटलांनी माझ्याकडे हात केला. "उस्ताद, हितं खाली एक ठिपका ऱ्हायलाय. मेव्हण्याची नजर लई बारीक हाय!"

मी चांदी शोधू लागले. पाकिटं संपली होती. अप्पांनी खिशातून स्वतःचं नवं पाकीट काढलं, सगळ्या सिगारेटी शर्टाच्या खिशात कोंबल्या आणि आतली चांदी माझ्यापुढे धरली.