मनरेसाची चौकशी

काळजी करणारी माणसं वाशीम जिल्ह्यात घरोघरी आहेत. पण जी काळजी अजून जन्माला आलेली नाही तिच्यासाठी आधीच पाळणा बांधून ठेवणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच, आणि तो माझा व्याही आहे. लेकीचं लग्न ठरवायच्या वेळी मी केनवडला त्यांच्या घराची चौकशी करायला गेले होते. पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं, "मानूस सोन्यासारखा हाय बाई. व्यसन नाही, ग्रामसेवकाची नोकरी हाय. फक्त दूध उतू जाईन म्हनून तापवूच देत नाही." मला वाटलं, थट्टा करतो आहे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तर दूध खरंच कच्चं होतं आणि व्याही लांब उभे राहून माझ्या लेकीला सांगत होते, "सूनबाई, आच कमी कर. अजून कमी कर." चूल अजून पेटलेलीच नव्हती.

नोकरी संपल्यावर ते रिसोडला येऊन राहिले, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांची बायको गेली, माझा नवरा त्याच्याही आधी गेला. त्यांचा मुलगा आणि माझी लेक पुण्यात नोकरीला. व्याही रोज माझ्या ओट्यावर येऊन बसतात, म्हणून गल्लीतले लोक काय बोलतात ते मला माहीत आहे. बोलू द्या. ज्या माणसाला दूध तापवायची भीती वाटते तो आणखी काय करणार? एसटीत ते ड्रायव्हरच्या मागचीच सीट धरतात आणि गाडी सुटायच्या आधी त्याला विचारतात, "जेवन झालं ना? झोप तर नाही येऊन राह्यली?" एकदा एका ड्रायव्हरनं मागं वळून हात जोडले. "आबाजी, मी जेवलो, झोपलो, आंघोळ बी केली. आता गाडी चालू करू काय?" भर हिवाळ्यात त्यांच्या हातात छत्री असते आणि बाराही महिने खिशात शिट्टी. कायले, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "कुठं भिंतीखाली दबलो-बिबलो, तर लोकाईले कळलं पाह्यजे."

आम्हा दोघांची मिळून एकच नात, सोनू. आईबाप नोकरीत, म्हणून ती रिसोडातच वाढली, सकाळी आबांकडे आणि संध्याकाळी माझ्याकडे. पाणी शुद्ध करायचं मोठं शिक्षण घ्यायला ती स्पेन देशातल्या मनरेसा नावाच्या गावी निघाली, तेव्हा व्याही म्हणाले, "पानीच शुद्ध करायचं तर आपल्या किन्हीराजा गावाचं कर ना! तितल्या पान्यानं काय घोडं मारलं?" पण पोरगी ऐकणारी नव्हती. मग त्यांना दुसरीच चिंता लागली. आमच्याकडे पोरगी ज्या गावाला जाते त्या गावाची चौकशी केल्याशिवाय कोणी होकार देत नाही. गावात पाणी आहे का, माणसं कशी आहेत, भांडखोर तर नाहीत ना. इथं विचारावं कोणाला? रिसोडच्या स्टँडवर विचारून झालं, धान्याच्या बाजारात विचारून झालं. एक जण दुबईला जाऊन आलेला होता, तो म्हणाला की स्पेन दुबईच्या पुढं उजव्या हाताला आहे. शेवटी मोबाइलच्या दुकानवाल्यानं गावाचं नाव टाकून पाहिलं, तर पडद्यावर ताडासारखे उंच गडी आले. मनरेसाची ओळख म्हणजे बास्केटबॉल. ते छोटं गाव अठ्ठ्याण्णव साली साऱ्या स्पेनचं विजेतं झालं होतं.

एवढ्यावर कोणी दुसरा थांबला असता. पण व्याह्यांनी आयुष्यभर गावांचा कारभार पाहिलेला. आधी कोण जिंकत होतं, नंतर कोण जिंकलं, हे कळल्याशिवाय एकट्या अठ्ठ्याण्णववर विश्वास कसा ठेवायचा? महिन्याभरात त्यांना पहिल्या सालापासून आजपर्यंतचे सगळे विजेते तोंडपाठ झाले, आणि माझ्या ओट्यावर स्पेनची ग्रामपंचायत भरायला लागली. माद्रिद म्हणजे पिढीजात पाटील, सगळ्यांत जास्त वेळा तेच. बार्सिलोना म्हणजे त्याचा दुसरा भाऊबंद. बादालोना हे बार्सिलोनाला लागून असलेलं गाव, दबून राहायला पाहिजे, पण मधूनच डोकं वर काढतं. व्हितोरिया अबोल, कामाशी काम. अडुसष्टपासून सत्याहत्तरपर्यंत दहा वर्षं सलग माद्रिद, हे सांगताना त्यांचा रक्तदाब वाढतो. "दहा वर्षं अविरोध! समोर फॉर्म भराले कोनी जित्तं नव्हतं काय?" ही स्पर्धा सुरू झाली सत्तावन्न साली. त्याचाही त्यांना अभिमान आहे. "आपन छप्पनले दीक्षा घेतली, इहीणबाई, अन् लगेच सत्तावन्नले त्याईनं खेळ सुरू केला." जसे काही स्पेनवाले आपल्यासाठीच थांबले होते.

आणि सोनूचा जन्म अठ्ठ्याण्णवचा. आमच्यात पत्रिका पाहत नाहीत, ते सगळं बाबासाहेबांबरोबर सोडलं. पण व्याह्यांनी नातीची आणि मनरेसाची पत्रिका जुळवून टाकली. "योग-बिग आपन मानत नाही. पन पाहा ना, सहाव्या नंबरावरून आलं हे गाव. माद्रिदले घरी पाठवलं, फायनलमध्ये व्हितोरियाले पाडलं. केनवडच्या पोराईनं मुंबईले हरवल्यासारखं झालं हे! अन् त्याच साली आपली सोनू!" मग प्रत्येक गोष्ट त्याच हिशेबानं. "मालागा जिंकलं त्या साली तुमचे मालक गेले." नवरा माझा, गेला माझ्या डोळ्यांसमोर, आणि कोणतं गाव जिंकलं तेव्हा गेला हे मला व्याही सांगतात. मी म्हटलं, "मालागा हरलं असतं तर वाचले असते काय?" तर माणूस खरंच विचारात पडला.

पण एक गोष्ट कबूल करते. या यादीचा उपयोग झाला. आधी सोनूचा रविवारी फोन यायचा आणि तो चहाच्या दोन घोटांत संपायचा. जेवली का? हो. थंडी आहे का? हो. मग दोन्हीकडून नुसतं पाहत राहायचं. यादी पाठ झाल्यावर ती त्यांची परीक्षा घ्यायला लागली. "आबा, सदुसष्ट?" "बादालोना." "दोन हजार सतरा?" "वॅलेन्सिया, एकदाच." "दोन हजार दोन?" "व्हितोरिया. तुले काय वाटलं, आबा फसन?" ती कुठूनही विचारायची, ते कधी चुकायचे नाहीत, आणि शेवटी ती मुद्दाम विचारायची, "अठ्ठ्याण्णव?" तेव्हा ते "मनरेसा!" असं ओरडायचे की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायचा. मी शेजारी भाजी निवडत बसायचे. चौथी शिकलेली बाई मी, पाढे विसरले, पण ही यादी कानात मुरली.

मग व्याह्यांची छाती भरून यायला लागली. जिना चढले की थांबायचे, छत्रीवर टेकायचे. रिसोडच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं, तिथं सांगितलं की हृदयाच्या नळ्या बंद आहेत, छाती उघडावी लागेल, तीही लवकर. मी वाट पाहत होते की आता हा माणूस जिल्हा डोक्यावर घेईल. नाही घेतला. जन्मभर खोट्या काळज्या केल्या आणि खरी समोर आली तेव्हा गप्प झाले. मला त्याचीच भीती वाटली. ते एकच बोलले, "सोनूले कळू द्याचं नाही." तिची तिथं राहायची मुदत महिनाअखेर संपत होती. तोवर नोकरी लागली तर राहता येणार, नाही तर सामान बांधायचं. एकाच ठिकाणाहून बोलावणं आलं होतं, आणि ती मुलाखत नेमकी ऑपरेशनच्या दिवशी होती. "पोरगी उठून येईन, इहीणबाई. दोन वर्षाची मेहनत पान्यात जाईन. माह्या गळ्याची आन हाय तुमाले." मी आण घेतली. तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

त्या रविवारी फोन आला. व्याही चेहरा धुऊन, केस विंचरून बसले. सत्तावन्न, एकोणसाठ, अठ्ठ्याहत्तर, सगळं बरोबर सांगितलं. मग ती हसत म्हणाली, "अठ्ठ्याण्णव?"

"बार्सिलोना," व्याही म्हणाले.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तिकडे तिचं हसू थांबलं. "आबा? परत सांगा."

"नेटवर्क नाही इथं," असं म्हणून त्यांनी फोन बंद केला, छत्री घेतली आणि घरी निघून गेले.

लगेच माझा फोन वाजला. "आजी, आबांना काय झालं?"

"काही नाही. केनवडच्या हरभऱ्यावर अळी पडली, त्याचा घोर हाय त्याईले."

"आजी, तुला खोटं बोलता येत नाही. अळी पडली असती तर आबा तासभर अळीवरच बोलले असते."

खरं होतं. मी सांगून टाकलं. ती रडली, म्हणाली, मी निघते. मी म्हटलं, "येऊन काय करशीन? डॉक्टर हायेस काय तू?" म्हणाली, "आणि काही झालं तर?" मी म्हटलं, "झालं तर तू पोचेपर्यंत कोनी थांबत नाही. नाही झालं तर फुकट येशीन. इथं मी हाय, तुहा बाप येऊन राह्यला. तू मुलाखत दे." फोन ठेवल्यावर पाहिलं तर मी दाणे कचऱ्यात आणि टरफलं टोपलीत टाकत होते. तिला ते दिसलं नाही, बरं झालं.

थोड्या वेळानं व्याही परत आले, तिनं त्यांना फोनवर झापलं होतं. "इहीणबाई, तुमच्या पोटात पानी टिकत नाही."

"अन् तुमच्या डोक्यात अठ्ठ्याण्णव टिकत नाही. कोन फसलं पयले?"

ते छत्री भिंतीला टेकवून ओट्यावर बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला आणि आम्ही अकोल्याला निघालो. पातूरच्या घाटात, मुलाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात व्याही म्हणाले, "मनरेसा मले आलं होतं, इहीणबाई. तोंडात आलं होतं. पन वाटलं, तिचं साल बोललो तर गळा भरून येईन अन् तिले समजन. म्हनून दुसरं गाव बोललो." मी खिडकीबाहेर पाहिलं. एवढी काळजी घेऊनही माणूस पकडला गेला होता.

ऑपरेशनच्या दिवशी आत छाती उघडलेली आणि तिकडे पोरगी परक्या लोकांसमोर बसलेली. दोन्ही एकाच वेळी, आणि मी मधे, दवाखान्याच्या बाकड्यावर. मुलगा फेऱ्या मारत होता. माझ्याकडे जप नाही, पोथी नाही. त्रिशरण म्हणून झालं, मग ओठांवर आपोआप तेच यायला लागलं, सत्तावन्न माद्रिद, अठ्ठावन्न माद्रिद, एकोणसाठ बार्सिलोना. शेजारच्या बाईनं विचारलं, "माय, कोनता जप करून राह्यल्या?" मी म्हटलं, "स्पेनचा." ती जरा सरकून बसली. माद्रिदची ती दहा वर्षं मला पहिल्यांदा बरी वाटली. एकच नाव, अडखळायचं काम नाही. किती वेळा सुरुवात केली आणि किती वेळा शेवटाला गेले, मोजलं नाही. एकदा यादी अर्ध्यात असताना दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालं. मी उरलेली यादी पूर्ण करूनच उठले.

संध्याकाळी सोनूचा फोन आला. आधी "आबा?" मी म्हटलं, "बरे हायेत." मग ती म्हणाली, "आजी, नोकरी मिळाली."

व्याह्यांना वॉर्डात आणल्यावर मी ते सांगितलं. "किती वर्षं?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं. सध्या दोन, मी म्हटलं, पुढंही वाढतात म्हणे. "चांगलं झालं. हेच पाह्यजे होतं," ते म्हणाले, आणि छताच्या पंख्याकडे पाहत राहिले. डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं. पंखा अंगावर पडेल अशी भीती वाटत असेल, असं मी धरून चालले.

आता ते बरे आहेत. सांगितलेलं चालणं चालतात आणि माझ्या ओट्याशी येऊन थांबतात. गेल्या रविवारी सोनूनं फोन हातात धरून आम्हाला अख्खं गाव फिरवलं. नदी दाखवली, तिच्यावरचा जुना दगडी पूल दाखवला. पावाच्या दुकानातल्या बाईनं हात जोडून "जयभीम" म्हटलं, सोनूनं शिकवलं होतं. घराच्या जिन्यात शेजारची म्हातारी भेटली. तिनं सोनूच्या कोटाची वरची गुंडी लावली आणि रागावून काहीतरी बोलली.

"काय म्हनते थे?" व्याह्यांनी विचारलं.

"थंडीत गळा उघडा ठेवू नको म्हणते, आबा. रोज म्हणते."

फोन बंद झाल्यावर व्याह्यांनी आपल्याही सदऱ्याची वरची गुंडी लावली. मग म्हणाले, "गाव चांगलं हाय, इहीणबाई."

"चांगलंच हाय," मी म्हटलं.

गाव चांगलं निघालं की पोरी तिथल्याच होऊन जातात. दोघांनीही पोरींच्या सोयरिकी पाहिलेल्या, ते बोलून दाखवायची गरज नव्हती. अंधार पडत होता, घरात जाऊन दिवा लावायचा होता. आम्ही दोघंही तसेच बसून राहिलो.