दगडाखालची पेटी आणि माझा चोर

चंद्रपूरला कॉलेजात आलो तेव्हा आमच्या घरातून इतकं शिकायला बाहेर पडलेला मी पहिलाच होतो. हॉस्टेलवर कसं वागलं म्हणजे बरोबर, हे विचारायला कोणी नव्हतं. इतर मुलं जे करतील ते आपण जरा उशिरा करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. म्हणून रविवारच्या त्या खेळात मला घेतलं, तेव्हा फार बरं वाटलं. सतरंजीवर माझी म्हणून एक जागा झाली.

खेळ पुण्याहून आला होता. तिसऱ्या वर्षाच्या एका सीनियरने त्याच्या नियमांच्या झेरॉक्स आणल्या होत्या. त्याला आम्ही मास्तर म्हणायचो. मास्तर गोष्ट सांगायचा: समोर किल्ला आहे, दारावर पहारेकरी आहे, आता काय करता? आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं आणि जमलं की फसलं ते फासा टाकून ठरायचं. प्रत्येकाच्या कागदावर पात्राचा स्वभाव लिहिलेला असे. कायदा पाळणारा की मोडणारा, भला की स्वार्थी. एकदा लिहिला की तसंच वागायचं, नाहीतर मास्तर गुण कापायचा.

माझा रूम पार्टनर जादूगार झाला. शहरातल्या एका सराफाचा मुलगा स्कूटरने यायचा, त्याने सरदार घेतला: कायदा पाळणारा, भला. उरला चोर. कायदा मोडणारा, स्वार्थी. तो माझ्या वाट्याला आला.

मी मनापासून प्रयत्न केला. पहिल्याच डावात झोपडीत एक म्हातारी होती आणि चुलीजवळ चांदीचं भांडं. मी म्हटलं, "मी आत जातो आणि म्हणतो, बाई, हे भांडं घेऊ का?"

मास्तरने हातातला कागद खाली ठेवला. "अबे, चोर विचारते का?"

"पण भाऊ, ती घरीच आहे ना."

"म्हणूनच त्याले चोरी म्हणते."

गुण गेले. पुढे किल्ल्याच्या पहारेकऱ्याने "कोण आहे?" असं दरडावलं. मी माझ्या चोराचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं आणि कोणाकडे आलो तेही सांगितलं. आमच्याकडे वाटेत कोणी हटकलं तर एवढं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहारेकऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला कोठडीत टाकलं. जादूगाराला भिंत फोडून मला सोडवावं लागलं.

मास्तर चिडला असता तर बरं झालं असतं. तो समजावणीच्या सुरात बोलला. "हे पाह्य, खालच्या मजल्यावरचा पोरगा कधीचा मांगं लागून राह्यला, मले घ्या म्हणून. त्याच्यापाशी विकतचे फासे हायेत. तुहा चोर अजून एकडाव साधू झाला ना, तर तुही जागा त्याले देऊन टाकीन."

आठवडाभर मी स्वार्थीपणाचा सराव केला. मेसच्या रांगेत मध्येच घुसलोसुद्धा. मग मागच्याला म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे."

रविवारी खालचा मुलगा दारात येऊन बसला होता. त्याच्या खिशात फासे वाजत होते. मास्तरने आम्हाला एका जंगलातून गुहेपाशी नेलं. गुहेच्या तोंडाशी सोन्याच्या नाण्यांची पेटी, आसपास कोणी नाही. आणि सांगण्याच्या ओघात मास्तरने त्या पेटीवर सहज एक दगडही ठेवून दिला.

"आता चोराची पाळी."

मी विचारलं, "दगड वरून पडला, का कोणी ठेवला?"

"ठेवला असन कोणी. काऊन?"

"मग नाई घेत मी."

आमचं गाव गडचिरोलीच्या पलीकडे, जंगलात. तिथे वेचलेली मोहाची फुलं किंवा सरपणाची मोळी एका खेपेत नेता आली नाही, तर माणूस वर दगड ठेवून घरी जातो. याला मालक आहे आणि तो येणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. आमचं गाव काही फार सज्जन नाही. बांध कोरले जातात, कोंबड्या नाहीशा होतात. पण दगडाखालचं कोणी उचलत नाही. मी नाही म्हणायचं ठरवलं नव्हतं, ते आपोआप तोंडातून गेलं.

"मी घेतो मंग," सराफाचा मुलगा म्हणाला.

"तू भला माणूस हायेस बे," मास्तर म्हणाला.

"म्हणूनच सांभाळून ठेवतो ना."

मास्तर माझ्याकडे वळला. "तू सांग. स्वार्थी हायेस ना तू?"

दारात फासे वाजले. "बरं, घेतो," एवढं म्हटलं असतं तर जागा वाचत होती. ते काही तोंडातून निघेना. मग पहिल्यांदाच मी माझा विचार सोडून त्या चोराचा विचार केला. त्याला घरदार नव्हतं. मग आजवर चोरलेलं तो ठेवत कुठे असेल?

"भाऊ," मी म्हणालो, "माह्या चोराले घर नाई. त्याचा माल जंगलातच हाय, अशाच दगडाखाली. आज मी हा दगड उचलला अन् उद्या सारेच उचलाले लागले, तर पह्यले माहाच माल जाईन. पेटीवाल्याचं मले काई पडलं नाई. मी माह्यं पाहून राह्यलो."

मास्तर बराच वेळ झेरॉक्स चाळत होता. "अन् कायदा?"

"कायद्याचं काई नाई. राजाची पेटी असती अन् वर दगड नसता, तर नेली असती."

"विचारून," रूम पार्टनर म्हणाला.

मास्तरने मला पूर्ण गुण दिले. सरदाराने पेटी उचललीच. त्याच्या कागदावरचा स्वभाव खोडून तिथे काय लिहायचं, यावर चहापर्यंत भांडण चाललं.

पुढच्या रविवारी मी गावाहून येत होतो आणि वाटेत मूल गावाजवळ बस बंद पडली. खोलीत शिरलो तेव्हा डाव सुरू झाला होता. खालचा मुलगा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. सतरंजीवरची माझी जागा मात्र रिकामी होती.

"बस ना तिथी," मी त्याला म्हणालो.

"नाई भाऊ," तो म्हणाला. "दगड हाय."

खरंच होता. मैदानातून आणलेला, मुठीएवढा. मी मास्तरला विचारलं, "उचलू का?"

मास्तरने कागदातून मान वर केली नाही. "अबे, चोर विचारते का?"