नलूताईंचा पॉज

"बाई बदला," केतन फोनवर म्हणाला.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय बदला?"

"वाचणाऱ्या बाई, मॅडम. पहिली तीन प्रकरणं आमच्या क्यूसीने ऐकली. फार अडखळतात हो. शनिवारपर्यंत साफ करून पाठवा, नाहीतर पुस्तक आम्ही पुण्यातच करून घेतो. इथे आर्टिस्ट पुष्कळ आहेत."

क्यूसी म्हणजे पुस्तक समोर धरून रेकॉर्डिंग ऐकणारा माणूस. चुकलेला शब्द, करकरलेली खुर्ची, लागलेला दम, सगळं टिपून पाठवतो. या वेळी त्याने वरपासून खालपर्यंत एकच तक्रार केली होती. पॉज. पॉज. पॉज. म्हणजे बाई वाचता वाचता मध्येच थांबतात. आणि खाली शेरा: 'कलाकार हिंदी भागातील असल्याने मराठी अडत असावे.'

माझं डोकंच सणकलं. अरे बाबा, आमच्या पाच पिढ्या माळव्यात गेल्या, तरी घरात मराठीच बोलतो आम्ही! पण खरं सांगू? रागाच्या तळाशी भीतीही होती. उज्जैनच्या मराठी माणसाच्या मनात ही भीती कायमची बसलेली असते. पुण्याच्या पाहुण्यासमोर चमच्याला 'चम्मच' म्हणून जातो आणि मग दिवसभर जीभ चावतो. मला वाटलं, क्यूसीचं खरंच असेल तर?

माझा स्टुडिओ फ्रीगंजमध्ये, साड्यांच्या दुकानाच्या वर. भजनं, प्रवचनं, निवडणुकीत ऑटोवरून ओरडायच्या घोषणा, यांवर गाडी चालते. केतनच्या पुण्यातल्या कंपनीकडून मराठी ऑडिओबुक पहिल्यांदाच हाती आलं होतं. जुनी, गाजलेली कादंबरी. नाव सांगत नाही, न वाचलेल्यांची मजा जाईल. आवाज मीच सुचवला होता: नलूताई.

नलूताई नानाखेड्याला राहतात. शाळेतून रिटायर झाल्या. मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांत म्हातारीपासून महाराजांपर्यंत सगळं करून बसल्यात. लेक पुण्यात दिलेली. नातू म्हणतो, "आजी, तू हिंदीतून मराठी बोलतेस." व्याही लोक हसतात, आणि ताईही हसतात. पण हे काम मिळालं त्या दिवशी स्टुडिओत येऊन माझे दोन्ही हात धरले त्यांनी. "मंजू, एक बार तो त्यांच्या घरात माझा आवाज वाजू दे. मग बघते कोण हसतं ते."

आता त्यांना हे कसं सांगायचं? सांगितलं फोनवर, एका दमात. पलीकडून तितक्याच झटक्यात उत्तर आलं. "बदलू दे की! त्याची कंपनी, त्याची मर्जी. मी येतेच आहे, चहा टाक."

ताई ऑटोने येईपर्यंत मी एक उद्योग करून ठेवला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. ठरावीक लांबीपेक्षा मोठी शांतता दिसली की ते कापून टाकतं. एक बटण. पहिलं प्रकरण त्यातून काढलं. काय सफाई आली म्हणता! गाडी कुठे थांबेचना. मी खूश. नलूताईंचं पुस्तक टिकलं, माझं कामही वाचलं.

त्या आल्या, बसल्या, मी लावलं. अर्धं पान झालं असेल, त्यांनी कप खाली ठेवला.

"ही कोण?"

"तुम्हीच, ताई. फक्त पॉज काढलेत."

"मी नाही ही. ही तर सीधी देवी झाली! बंद कर आधी."

"अहो, पण शनिवारी हेच पाठवलं तर तुमचं नाव राहतंय!"

"हे पाठवायचं असेल तर नाव काढ माझं. पक्कं सांगते. बाई बदला म्हणतोय ना? बदल. पण ह्या खोट्या साध्वीला माझा आवाज देऊ नकोस."

मीही तापले. "मग अडखळता कशाला वाचताना?"

"मी? मी अडखळते?" आणि सुरू झाल्या. शाळेत कोण पहिलं आलं होतं, कोणत्या इन्स्पेक्टरने त्यांचं वाचन ऐकून क्या बात है म्हटलं होतं, नातवाची शाळा, जावयाचं मौन, दुधवाल्याने दुधात केलेला पाण्याचा घोटाळा. मराठीत निघायच्या, हिंदीत वळायच्या, परत मराठीत. मध्ये ना स्वल्पविराम, ना दम.

आणि मी खुर्चीतून उठलेच.

ही बाई अडतच नाही! आमच्यापैकी कोणीच अडत नाही. मराठी शब्द नाही आला तर आम्ही थांबत नाही, हिंदी शब्द येऊन त्याच्या जागेवर बसतो आणि गाडी पुढे जाते. पुण्याची आमच्याबद्दल तक्रारच ती आहे! मग शब्द समोर छापलेला असताना ही बाई थांबेल कशाला?

"ताई, गप्प बसा जरा," मी म्हटलं. मोठ्या माणसाला असं म्हणू नये, पण मला धीर धरवेना. मूळ रेकॉर्डिंग उघडलं. पडद्यावर आवाजाचा आलेख दिसतो. बोललं की टेकड्या, थांबलं की सपाट रान. सपाट जागा शोधायच्या आणि तिथली वाक्यं ऐकायची, एवढंच करायचं होतं.

आधी कादंबरी दोन शब्दांत सांगते. ती सांगणारी आहे एक नणंद. लहानपणीच विधवा होऊन भावाच्या घरी आलेली. घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. मग भावाचं लग्न होतं आणि किल्ल्या वहिनीकडे जातात. एका संध्याकाळी वहिनी नदीवरून उशिरा परतते, तर दाराला आतून अडसर. ती मागे फिरते, नदीच्या वळणावर शेजारणीला दिसते आणि मग पुन्हा कधी कोणाला दिसत नाही. नणंद म्हणते, मी माजघरात होते, मला काहीच ऐकू आलं नाही. मग पुस्तकभर वहिनीसाठी झुरते.

पहिली सपाट जागा. 'वहिनीवर माझा' पॉज 'फार जीव होता.' दुसरी. 'किल्ल्यांचं मला कधी' पॉज 'काही वाटलं नाही.' तिसरी. 'मी त्या वेळी' पॉज 'माजघरात होते.'

सणाचा स्वयंपाक, भावाचा संताप, गावातली लग्नं, तिथे वाचन नुसतं वाहत होतं. मी पुढे पळवलं, मागे आणलं. एकही पॉज भलत्या जागी नाही! नणंद स्वतःच्या चांगुलपणाचं काही बोलली की ताईंचा आवाज उंबऱ्यापाशी थबकायचा आणि मग आत जायचा.

"ताई! ही खोटं बोलतेय!"

नलूताईंनी शांतपणे थंड झालेला चहा उचलला. "चला, कळलं एकीला तरी."

"अहो, मग सांगायचं ना आधी!"

"का सांगायचं? ऐकणाऱ्याला मी आधीच कानात सांगून टाकलं, तर तो पुढे ऐकेल कशासाठी? तू पुस्तक वाचलंस पूरं?"

नव्हतं वाचलं. आमच्या धंद्यात कोणी वाचत नाही. आम्ही ओळीवर बोट ठेवून शब्द जुळतो का तेवढं बघतो. ताईंनी शेवटचं पान काढून माझ्यापुढे ठेवलं. नणंद म्हातारी झालीये, दारात बसलीये, आठवण काढतेय. तिथे, जाता जाता, एक ओळ: 'तीन वेळा कडी वाजवली बिचारीने. मग नाही वाजवली.'

मी ओळ पुन्हा वाचली. माजघरात होती ना ही? काही ऐकू आलं नाही ना? मग कडी तीनदा वाजली हे हिला कोणी सांगितलं? ही दाराच्या आतल्या बाजूला उभी होती! हात अडसरावर ठेवून मोजत होती!

"बाप रे, काय दुष्ट बाई आहे!" मी म्हटलं.

"दुष्ट म्हणू नकोस गं," ताई म्हणाल्या. "तिला दुसरं घर कुठे होतं? किल्ल्या गेल्या, उद्या ताटही गेलं असतं. घाबरली ती. पण बघ, गोष्ट सांगायला तिला कोणी बोलावलं नव्हतं. गप्प बसली असती तर कोणाला काय कळणार होतं? सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि खरं काही तोंडातून निघत नाही. त्या दोन्हींच्या मध्ये जो दम लागतो ना, तेवढाच मी वाचते."

मी तिथल्या तिथे केतनला फोन लावला.

"मॅडम, साफ झालं?"

"नाही. साफ करणार नाही. आधी सांगा, नणंद कशी बाई आहे?"

"म्हणजे? त्यागमूर्ती. आम्हाला शाळेत उतारा होता. परीक्षेत यायचं, नणंदेच्या प्रेमाचं वर्णन करा."

"किती मार्क मिळाले?"

"मॅडम, मला मीटिंग आहे."

"शेवटचं पान उघडा, मग जा. कडी तीनदा वाजली हे तिला कसं कळलं?"

"शेजारणीने सांगितलं असेल. तिने बघितलं होतं ना वहिनीला."

"शेजारणीने नदीच्या वळणावर बघितलं, परत जाताना. वळणावर कडी ऐकू येते?"

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. मग पान उलटल्याचा आवाज आला. मग पुन्हा शांतता. हा पॉज मात्र कोणी लाख रुपये दिले तरी मी कापला नसता.

"आयला," केतन म्हणाला. मग सावरून, "सॉरी मॅडम. पण... इतकी वर्षं... आम्ही निबंध लिहिले हो हिच्यावर!"

"लिहिलेत ना? आता ऐका." मी त्याला आधी कापलेलं प्रकरण ऐकवलं, मग न कापलेलं. दुसरं मध्येच थांबवलं तर ओरडला, "थांबवू नका!" मीटिंगचं नावही काढलं नाही. शेवटी म्हणाला, "पॉज राहू द्या. क्यूसीशी मी बोलतो. आणि बाईंना सांगा..." काय सांगा ते त्याला सुचलं नाही. मराठी अडत असावं.

नलूताईंनी फोनवरचं सगळं ऐकलं होतंच. मी त्यांना खुर्चीसकट गरकन फिरवलं. त्या ओरडल्या, "अगं ए, पागल झालीस का? हाडं मोडशील!"

शेवटचं प्रकरण आम्ही पुढच्या आठवड्यात केलं. एसी बंद, कारण माईकला तोही ऐकू येतो. खालच्या दुकानाची सुट्टी. शेवटचं पान जवळ आलं तसं मी आलेखाकडे बघत बसले. आता या थांबणार, असं वाटत होतं. त्या थांबल्या नाहीत. 'तीन वेळा कडी वाजवली बिचारीने. मग नाही वाजवली.' सरळ, एका श्वासात, जणू दुधाचा हिशोब सांगताहेत. अख्ख्या पुस्तकात नणंद पहिल्यांदाच खरं बोलली होती आणि तिला दम लागला नाही. काचेच्या अलीकडे मी रडत होते, आणि रेकॉर्डिंग बंद करायचं विसरले.

पुस्तक निघालं. एका ऐकणाऱ्याने लिहिलं, 'बाईंचं मराठी थोडं कच्चं वाटतं, मध्येच थांबतात.' दुसऱ्याने त्याच्याखाली लिहिलं, 'शेवटपर्यंत ऐका, मग बोला.' पुण्याचा नातू शेवटपर्यंत ऐकून आजीला फोनवर विचारत होता, "आजी, पण तिने दार का नाही उघडलं?" ताई ते मला दहा वेळा सांगून झाल्या.

मी अजूनही रोज पॉज कापते. भजनात कापावेच लागतात, प्रवचनात तर फार. फक्त कापायच्या आधी एकदा ऐकते. आवाज साफ कसा करायचा हे आम्हाला शिकवतात, पण काय राहू द्यायचं ते कोणी शिकवत नाही.

परवा ताई स्टुडिओत आल्या होत्या. तोंडाचा पट्टा चालू होता, हिंदी, मराठी, सगळं एकत्र. मी सहज विचारलं, "ताई, त्या दिवशी केतन बाई बदला म्हणाला, तेव्हा वाईट वाटलं होतं का हो?"

नलूताई थांबल्या. अर्धा सेकंदही नसेल.

"छे गं," त्या म्हणाल्या. "मला काय वाईट वाटायचं?"

मी उठून चहा टाकला.