देवाला वाहिलेलं कुंपण

कोपरला तळमजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा मागच्या भिंतीपलीकडे उघडं गटार होतं. ते नजरेआड व्हावं म्हणून मी भिंतीलगत जास्वंदीच्या फांद्या खोचल्या. मग जिथून मिळेल तिथून तगर, अडुळसा, कोरांटी आणून लावली. बिल्डिंगमध्ये कुणाची हरकत नव्हती, कारण पाणी मी घालत होते आणि फुलं ते नेत होते.

'नेत होते' हे मी सौजन्याने म्हणतेय. सकाळी फिरायला निघालेल्यांच्या एका हातात प्लास्टिकची पिशवी आणि दुसऱ्या हातात तारेचा आकडा बांधलेली काठी असायची. शेंड्यावरचं फूलसुद्धा सुटत नसे. संध्याकाळी तर कळ्याही खुडायचे. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या की सकाळी देव्हाऱ्यात ताज्या उमलतात म्हणे. जास्वंदीवर मध प्यायला शिंजीर यायचा, निळा-काळा, अंगठ्याएवढा पक्षी. नुसत्या देठांवरून उड्या मारून निघून जायचा. एकदा न राहवून मी म्हटलं, "अहो, दोन तरी राहू द्या झाडावर."

"अगं, देवासाठीच नेतेय ना, स्वतःला गजरा नाही करत!" दुसऱ्या मजल्यावरच्या काकू माझ्यावरच उखडल्या. न विचारता घेतलेल्या वस्तूला मी चोरीच म्हणते, मग ती कुणाच्याही पायाशी ठेवा.

तरी कुंपण दाट झालं. तगरीवर बोटाएवढ्या हिरव्या अळ्या आल्या, तेव्हा ग्रुपवर फोटो फिरले. त्यांचे सुंदर पतंग होतात हे मी लिहिलं, त्यावर हसण्याची चित्रं आली. डास होतील, साप निघेल, असं रोज कुणीतरी म्हणायचंच. अशात एप्रिलमध्ये बुलबुलाच्या जोडीने जास्वंदीत घरटं केलं, माझ्या कमरेच्या उंचीवर. तीन पिल्लं झाली. मी त्या बाजूला पाइप लावणं बंद केलं आणि मगाने, लांबून पाणी घालू लागले.

त्याच सुमारास सोसायटीच्या वर्धापनदिनाची सत्यनारायणाची पूजा ठरली. पुढे गाड्या, म्हणून मंडप मागे. आणि मंडपाला जागा हवी, म्हणून कुंपण तोडायचं. मीटिंगमध्ये मी हात जोडले. "तोडा हवं तर, पण आठ दिवस थांबा. पिल्लं उडाली की मीच माणूस बोलावते." रोज माझ्या फुलांवर देव सजवणारी सगळी मंडळी समोर बसली होती. सगळे माना खाली घालून मोबाइल बघत होते. काकूसुद्धा.

शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "बरं वहिनी, पूजा तर पुढे ढकलता येणार नाही. पण घरट्याचा भाग सोडायला सांगतो. शब्द देतो." मी विश्वास ठेवला, आणि शनिवारी भाचीच्या साखरपुड्याला खडवलीला गेले. मूर्खपणा माझाच.

संध्याकाळी परतले तर भिंत उघडी. जमिनीलगत बुंध्यांचे ओले, पांढरे काप दिसत होते. फांद्यांच्या ढिगाऱ्यात हात घालून शोधलं तेव्हा घरटं सापडलं, चेपलेलं आणि रिकामं. पिल्लं कुठेच नव्हती. बुलबुलांची जोडी केबलच्या तारेवर बसून ओरडत होती. एकीच्या चोचीत अळी होती. ती पूर्वी घरटं होतं तिथवर खाली यायची, हवेतच फडफडायची आणि परत तारेवर जायची. मी त्या ढिगाऱ्याशेजारी बसून रडले. दुःखाने कमी, रागाने जास्त.

रविवारी मी पूजेला गेले नाही. आरती झाल्यावर सेक्रेटरी स्वतः द्रोण घेऊन दारात आले.

"वहिनी, आला नाहीत? चौरंग काय सजलेला! सगळी तुमचीच फुलं. बाजारातून एक आणावं लागलं नाही."

"आणि पिल्लं?"

"अहो, त्या माणसाला सांगायचं राहूनच गेलं. मंडपाची घाई होती ना. घ्या, प्रसाद घ्या."

सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. हात आपोआप पुढे झाला होता. मी तो मागे घेतला.

"ती बघा, कालपासून तारेवर बसलीय," मी म्हणाले. "आधी तिला नेऊन द्या."

आणि दार लावून घेतलं.