सगळे झांजुर्ले एकाच घरचे

आडनाव पाटील किंवा कुलकर्णी असेल, तर किस्से गोळा करायला माणसाला घराबाहेर पडावं लागतं. आमचं आडनाव झांजुर्ले. आम्हाला किस्से घरपोच येतात! गॅसच्या कार्डावर एक नाव, लाइटच्या बिलावर दुसरं, लग्नपत्रिकेवर तिसरंच. त्यात नाशिकला अंबडच्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून मी इंदिरानगरला राहायला आलो, आणि शेजारी निघाले अप्पा झांजुर्ले. मग काय विचारता! इतकं साचलंय की कँटीनमध्ये चहाला चौघं जमले की कुणीतरी म्हणतंच, "हां, तुमच्या त्या अप्पांचं सांगा."

अप्पा म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आवाज वर्गातलाच राहिलेला. त्यांना एकच ध्यास होता. झांजुर्ले, जांजुर्ले, झंजुरले, झांजुरले, जे कुणी असतील ते सगळे मुळात एकाच घरातून निघालेत हे सिद्ध करायचं, आणि ते मूळ घर शोधून काढायचं.

*

मी राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. अप्पा! पाटीवरचं नाव वाचून आले होते. बसायच्या आधीच सुरू.

"मूळ गाव? कुलदैवत? देवक?"

म्हटलं, "आईला माहीत असेल. ती धुळ्याला असते."

"मग फोन करू या."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. फोन करायचा तर एसटीडी बूथवर जावं लागायचं. अप्पा माझ्यासोबत त्या काचेच्या खोक्यात शिरले. दोघं जेमतेम मावलो. मी आईला एकेक प्रश्न विचारत होतो, अप्पा कान लावून ऐकत होते. आई बराच वेळ शांतपणे उत्तरं देत होती. मग म्हणाली, "सगळं ठीक आहे रे, पण मुलगी त्यांचीच का? आपल्याच आडनावाची चालत नाही, एवढं सांगितलंस ना त्यांना?"

अप्पांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि म्हणाले, "वहिनी, अगदी बरोबर बोललात! एका कुळात सोयरीक नाही!"

अप्पांची मंजिरी तेव्हा शाळेत जात होती.

*

सटाण्याकडे एक कांदावाले झंजुरले असल्याचं कळलं, तेव्हा रविवारी अप्पा मला घेऊन गेले. बघतो तर घरावर झंजुरले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर झांजुरले आणि धाकट्या भावाच्या जीपवर जांजुर्ले!

अप्पांनी विचारलं, "हे असं कसं?"

म्हातारबुवा खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत. "पेंटर येगळा येगळा व्हता ना, भाऊ!"

"पण खरं आडनाव कोणतं?"

"मास्तरनी साळामा लिखं तेच खरं शे."

"आणि मास्तरनं काय लिहिलं?"

"ते मास्तरलेच माहीत."

दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता. अप्पांनी परतीच्या एसटीत माझ्या मांडीवर थाप मारली. "पाहिलंत? तीन स्पेलिंगं, बाप एकच!" पुढे वर्षानुवर्षं हे वाक्य आम्ही ऐकलं.

*

कुणीतरी सुचवलं, त्र्यंबकेश्वरला जा. तिथल्या गुरुजींकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात. गेलो. गुरुजींनी ओसरीवर बसवलं, पाणी दिलं.

"गाव कोणतं?"

अप्पा म्हणाले, "गावच तर शोधायला आलोय."

"नोंदी गावावरून लावलेल्या असतात. गाव सांगा, लगेच बघतो."

"पण गाव सापडावं म्हणूनच नोंदी बघायच्यात!"

गुरुजींनी जरा विचार केला. "असं करा. गाव सापडलं की या." मग दारापर्यंत पोचवायला आले आणि अगदी मायेनं म्हणाले, "आलाच आहात, तर नारायण नागबळी करून घेता का?"

*

अप्पांची रोजची पूजा साडेसहाला असायची. घंटा अशी वाजवायचे की आमची अख्खी गल्ली त्यावर चालायची. घंटा झाली की मी डबा उचलायचा आणि कंपनीची बस गाठायची, हे ठरलेलं. घंटा फक्त सुतकात बंद. भाऊबंदांपैकी कुणी गेलं की दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, घंटा नाही, शुभकार्य नाही. आता भाऊबंद म्हणजे कोण, हाच प्रश्न होता. अप्पांचं उत्तर तयार होतं. सगळे झांजुर्ले!

एव्हाना माझं लग्न झालं होतं आणि अप्पांनी सगळ्या झांजुर्ल्यांचं एक कुलमंडळही काढलं होतं. अशात एकदा पेपरात निधनवार्ता आली. निफाडचे कुणी जांजुर्ले वारले होते. अप्पांनी आमच्या कुलमंडळातल्या सगळ्यांना सुतक कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली नाही आणि गल्लीतल्या तिघांची बस चुकली. माझ्या मुलाचं बारसं पुढे गेलं ते वेगळंच. माझी बायको भडकली. "या माणसाला आपण ओळखतो तरी का?"

अप्पा म्हणाले, "ओळखत नाही म्हणून सुतक चुकतं का?"

सुतक संपल्यावर आम्ही निफाडला भेटायला गेलो. दारातून आत पाहिलं तर भिंतीवर बुद्धांची तसबीर. गेलेल्यांचा मुलगा शिक्षकच होता. त्यानं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, आम्ही स्वतः सुतक पाळत नाही. तुम्ही कशाला पाळलंत?"

अप्पा चहा संपवून उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता पाळलं ते पाळलं. पुढच्या मीटिंगला मात्र या." आणि तो यायला लागला, हे सांगायला हवं. एरवी अप्पांना हसणारा मी, त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला.

*

मग झालं कुलसंमेलन. इंदिरानगरातलंच मंगल कार्यालय. बॅनरवर आडनाव कसं लिहायचं यावरून दोन मीटिंगा भांडणात गेल्या. शेवटी काकूंनी, म्हणजे अप्पांच्या पत्नीनं, निकाल लावला. बॅनर झळकला: 'आपल्या सगळ्यांचं संमेलन'.

सगळ्यात वयस्कर म्हणून नाशिकरोडच्या दादासाहेब जांजुर्ल्यांचा सत्कार झाला. अप्पांनी माइकवरून जाहीर केलं, "आजपासून हे आपल्या घरातले थोरले!" दादासाहेबांचा नातू निखिल माझ्याच कंपनीत टूलरूमला होता. तो व्यवस्थेला, आणि मंजिरी नावं नोंदवायच्या टेबलावर. ती आता कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती.

जेवणानंतर अप्पांनी खास कार्यक्रम ठेवला होता. कुळातल्या सगळ्या बहिणींनी सगळ्या भावांना ओवाळायचं! पाटांची रांग मांडली, तबकं फिरली, सगळं यथासांग पार पडलं. फक्त निखिल तेवढा वेळ बर्फ आणायला गेला होता. आणि मंजिरी त्याला बर्फाचं दुकान दाखवायला.

बर्फ काही आला नाही. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

लक्षात आलं ते वर्षभरानं, मंजिरीनं घरी सांगितलं तेव्हा. अप्पा एवढंच म्हणाले, "एका कुळातले. भाऊ-बहीण. शक्य नाही."

काकू चिडल्या. "कुळ तुम्हीच जुळवलंत ना? मग तुम्हीच सोडवा!"

मी मध्यस्थी करून पाहिली. म्हटलं, "अप्पा, त्यांचं कुलदैवत सप्तशृंगी, तुमचा खंडोबा."

"गाव बदललं की देव बदलतात. मीच तर सांगत आलोय."

"ते जांजुर्ले लावतात."

"तीन स्पेलिंगं, बाप एकच!"

माणूस स्वतःच बांधलेल्या घरात कोंडला होता आणि कडीही आतूनच लावलेली. मंजिरीनं भांडण केलं नाही. ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही नाही म्हणालात तर मी त्याच्याशी लग्न करणार नाही. पण मग दुसऱ्या कुणाशीही करणार नाही." त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं भाजी काय आणायची एवढ्यापुरतं उरलं. त्या घरात चहा प्यायचं मला जड व्हायला लागलं. पोरीचं वाईट वाटायचं, आणि खरं सांगतो, अप्पांचंही. मंडळाच्या मीटिंगा बंद पडल्या.

*

त्या पावसाळ्याच्या शेवटी दादासाहेब गेले. पिकलं पान. निखिलचा मला फोन आला, मी अप्पांना जाऊन सांगितलं. त्यांनी टोपी घातली आणि ते माझ्या स्कूटरवर मागे बसले.

नाशिकरोडला त्यांनी तिरडीला खांदा दिला. निखिलच्या वडिलांचा हात बराच वेळ हातात धरला. निखिल समोर आला तेव्हा त्याच्याकडे पाहिलं, पाठीवर हात ठेवला. घरी आल्यावर बाहेरच्या नळावर अंघोळ केली आणि आत गेले.

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. दादासाहेब म्हणजे मंडळाचे थोरले. आता दहा दिवस घंटा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. काकू कुंपणाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "उद्याची बस घड्याळ बघून पकडा हो." त्यांचे डोळे लाल होते. अप्पांनी सुतक धरलं की मंजिरीचा विषय कायमचा संपला, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

सकाळी मी डबा घेऊन गॅलरीत उभा. साडेसहा झाले. काही नाही. समोरचे जोशी घड्याळ बघत बसकडे निघाले. आमच्या हिनं मान हलवली आणि ती आत गेली.

आणि घंटा वाजली! नेहमीपेक्षा जोरात, आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. जोशी रस्त्यातच थांबले. माझी बस चुकणार हे दिसत होतं, तरी मी खाली उतरून अप्पांच्या दारात गेलो.

अप्पा सोवळ्यातच बाहेर आले. हातात प्रसादाची वाटी. त्यांच्यामागे उंबऱ्याच्या आत मंजिरी उभी होती, तोंडाला पदर लावून. अप्पांनी माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली.

मी म्हटलं, "अप्पा, सुतक?"

अप्पा म्हणाले, "कुणाचं?"