दादा की मावशी

“बोलणं हिचं येतो-जातो, ओठावरती मिशी,
सांगा पोरांनो, हिला म्हणायचं दादा की मावशी?”

गेल्या वर्षी माईकवर एवढं वाचून झालं आणि माझं नाव पुकारलं.

आमच्या कॉलेजात गॅदरिंगला फिशपॉन्ड असतंय. कुणीबी कुणावरबी चिठ्ठी लिवायची, आपलं नाव घालायचं न्हाय. ज्याच्यावर चिठ्ठी, त्यानं स्टेजवर जायचं, हसायचं, बक्षीस घ्यायचं. न्हाय हसला तर म्हणत्यात, “स्पोर्टिंगली घ्यायचं की!”

मी उठलो. व्हय, उठलो. मी पोरगी हाय. पण कोल्हापूर भागात आमच्या बायका बी येतो, जातो, खातो असंच बोलत्यात. आई तसंच बोलती, आजी तसंच बोलायची. कोडोलीतनं एसटीनं कॉलेजात आलो, तवा कळलं की ह्याला हसत्यात.

स्टेजवर ईश्वरी. सूत्रसंचालन तिचं, सांस्कृतिक विभाग तिचा, वडील संस्थेत संचालक. तिनं माझ्या हातात दाढीचं रेझर दिलं. रिबिन बांधलेलं. “दादा! दादा!” हॉलमध्ये नुसता धुरळा. पुढच्या रांगेत आमचे विभागप्रमुख सर तोंडाला रुमाल लावून हसत होते. मी बी हसलो. ह्याची मला अजून शिसारी येती. रेझर हातात धरून मी दात काढून हसत होतो.

त्या दिवसापासनं भ्या बसलं. वर्गात मागं कुणी खोकलं तरी अंगावर काटा. कुणी मोबाईल वर धरला की वाटायचं, माझाच व्हिडिओ. पोरी गाडीवर स्कार्फ बांधत्यात, मी वर्गात बांधून बसायचो. ओठावर ब्लेड फिरवलं. कापलं, पुळ्या उठल्या, केस परत आले. व्हायव्हाला उत्तर येत होतं, पण तोंडातनं “करतो” जाईल म्हणून गप्प बसलो. सर म्हणाले, “अभ्यास करत जा गं जरा.”

एका रविवारी सकाळी आई म्हशीची धार काढत होती. ऊन तिच्या तोंडावर पडलेलं. ओठावर केस, हनुवटीवर केस.

“आई, तुला बी हाय की गं.”

“मग? तुझ्या आत्तीला बी हाय. आत्ता दिसलं व्हय तुला?”

आणि तिनं दुसरं आचळ धरलं. मी बघतच राहिलो. जन्मापासनं हेच तोंड बघत आलो, कवा वाईट दिसलं न्हाय. मग माझंच तोंड मला वाईट दिसायला कुणी शिकवलं? भ्या होतंच, पण त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

यंदा कॉलेजात नवीनच निघालं. ‘प्रत्येक रूप सुंदर’ सप्ताह. भिंतीभिंतीवर पोस्टर. ईश्वरी आली, गळ्यात हात टाकला.

“तू स्टेजवर तुझा अनुभव सांग ना. खूप इन्स्पायरिंग वाटेल. फक्त ते फिशपॉन्डचं नको काढूस हं, सर असणार आहेत. आणि बोलताना जरा ‘येते-जाते’ म्हण, प्लीज.”

मी व्हय म्हणून मान हलवली.

स्टेजवर गेलो, माईक हातात घेतला. इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात, आणि सर समोरच बसलेले. मी डोळे मिटले आणि ती चिठ्ठी म्हणून दाखवली. दोन्ही ओळी. मग डोळे उघडले.

“माझं रूप सुंदर हाय, असं तुमच्याकडनं लिहून घ्यायला मी आलो न्हाय. हे तुम्ही माईकवर वाचलासा. सर, तुम्ही हसलासा. तेवढं सांगायला आलोय.”

टाळी एक न्हाय. सरांनी माईक बंद करायला लावला. खाली उतरताना ईश्वरी म्हणाली, “सगळ्या कार्यक्रमाचा विचका केलास.”

आता सरांनी बोलावलंय. आईला घेऊन ये म्हणालेत. भ्या हायच, खोटं कशाला बोलू? मार्क कापतील, कदाचित वर्षबी घालवतील. पण गॅदरिंग तोंडावर आलंय आणि फिशपॉन्ड यंदा बी हाय. चिठ्ठी कुणाच्याबी नावाची निघू दे. त्या पोरीला मी खुर्चीवरनं उठू देणार न्हाय. आडवं कोण येतंय, बघतोच.